सापळेवाले चाचा

चाचांना कुणी वय विचारलं की ते "बेचाळीस" म्हणायचे. डोक्यावरचे पांढरेशुभ्र केस, मेंदी लावलेली दाढी आणि जिना उतरताना दोन्ही हातांनी धरलेला कठडा बघून समोरचा माणूस गोंधळायचा. मग चाची आतून ओरडायच्या, "त्यांना काय विचारता, मला विचारा. सहासष्ट!" दोघांचंही खरं होतं. चाचा ज्या मशीनवर जन्मभर काम करत आले त्या मशीनच्या हिशेबात दहा नाही, सोळा आकडे असतात, आणि त्या हिशेबात सहासष्टचे बेचाळीस होतात. मासळी घेऊन येणाऱ्या कोळणीलासुद्धा ते हे समजावून सांगायचे. ती म्हणायची, "चाचा, माझं पण त्या मशीनवर करून द्या."

मी त्यांच्याकडे गेले ती माझ्या गरजेने. कंपनी नवी मुंबईतली, पण काम घरून चालायचं, म्हणून मी आमच्या गावी, दिवेआगरच्या अलीकडे, आईवडिलांकडे राहत होते. आमच्या टीमकडे परदेशातल्या एका विमान कंपनीचं काम होतं. प्रवाशांच्या बॅगा कुठल्या विमानातून कुठे जायच्या हे ठरवणारे प्रोग्राम आम्ही सांभाळायचो. ते मेनफ्रेम नावाच्या अवाढव्य, जुन्या मशीनवर चालतात आणि असेंब्लर नावाच्या भाषेत लिहिलेले आहेत. ही भाषा येणारी माणसं आता फार उरलेली नाहीत. मला ती जेमतेम यायची, पण टीममध्ये तेवढीही दुसऱ्या कुणाला येत नव्हती.

मी त्यातल्या एका प्रोग्राममध्ये छोटासा बदल केला, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत बॅगा हरवायला लागल्या. सगळ्या नाही, हजारोंमधली एखादी. एका बॅगेचं शेवटचं गाव मशीनमध्ये आपोआप बदलायचं आणि ती भलत्याच देशात जाऊन पडायची. एका बाईच्या बॅगेत तिच्या लहान मुलाची औषधं होती. त्या प्रकरणानंतर विमान कंपनीचे लोक भडकले. मी सगळा प्रोग्राम ओळ न् ओळ वाचला, मला काही सापडलं नाही. तेव्हा आमच्या मॅनेजरनी कुठूनतरी चाचांचं नाव काढलं. आखातातल्या एका विमान कंपनीत आयुष्य घालवून ते निवृत्त झाले होते आणि आगरदांड्याजवळच्या आपल्या गावी राहत होते.

"पण तो माणूस घर सोडून यायला तयार नाही," मॅनेजर फोनवर म्हणाले. "आणि आपला लॅपटॉप बाहेरच्या माणसाला हात लावायला अलाऊड नाही. तू जवळ राहतेस ना? तू जा, बस त्यांच्या बाजूला. ते सांगतील, तू टाइप कर."

जवळ म्हणजे मधे अख्खी खाडी. रोज सकाळी स्कूटर घेऊन दिघीला जायचं, फेरीबोटीत चढवायची, पलीकडे आगरदांड्याला उतरायचं. माझे वडील वैतागले. "त्या म्हाताऱ्याकडं रोज तू जायाचं? त्याला हिकडं याया काय होतंय?"

पहिल्या दिवशी गेले तेव्हा चाचा आपल्याच घरच्या ओसरीवर इस्त्रीचा शर्ट, कमरेला पट्टा आणि चकचकीत काळे बूट घालून बसले होते. मला वाटलं कुठे बाहेर निघालेत. नंतर कळलं, ते ऑफिसात होते. कामाच्या वेळात बूट पायात असायचे, जेवायला उठले की बूट काढायचे, जेवण झालं की पुन्हा घालायचे. बूट पायात असेपर्यंत चाचीसुद्धा उघड्याच दारावर टकटक करून मग आत यायच्या. विचार करायची वेळ आली की ते पंखा बंद करायचे. पंख्याच्या आवाजाला ताल असतो आणि आपण त्या तालात विचार करायला लागतो, असं त्यांचं म्हणणं. मी घामाने निथळायचे, ते मात्र कॉलरचं बटणही सोडायचे नाहीत.

लॅपटॉपला हात लावायचा नाही हा नियम मला सांगावासुद्धा लागला नाही, त्यांनी तो कंपनीच्या करारात आधीच वाचला होता. आणि पाळला तो असा, की मी पाणी प्यायला आत गेले तर ते खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करून बसायचे. एकदा चाचींनी मला बळेच पोह्यांना बसवलं. मी परत आले तरी चाचा भिंतीकडेच बघत बसलेले.

पहिल्याच दिवशी मी त्यांना माझ्या मते चूक कशी झाली असेल ते सविस्तर सांगायला लागले. त्यांनी हात वर केला.

"का ते नको सांगू, बेटा. कधी ते सांग."

"कधी म्हणजे?"

"बॅगेचं गाव बदललं ते कधी? तारीख नको मला. त्या क्षणाला मशीन काय करत होतं?"

"ते मला कसं कळणार? दुसऱ्या दिवशी बॅग सापडत नाही तेव्हा आपल्याला कळतं."

"हां. म्हणजे तुला माहीत नाही. मग का झालं ते कसं सांगतेस?"

'बहुतेक' आणि 'कदाचित' हे दोन शब्द त्यांच्या ओसरीवर चालायचे नाहीत. मी 'बहुतेक' म्हटलं की ते टेबलावर हलकी चापट मारायचे. मला त्याची इतकी सवय झाली की एकदा घरी वडिलांनी "उद्या बोट चालू आसंल का?" म्हणून विचारलं तर माझ्या तोंडून उत्तरच निघेना.

त्यांचा उपाय म्हणजे सापळा. मशीन चालू असतानाच त्याला सांगून ठेवायचं, की अमुक एक गोष्ट घडली तर त्याच क्षणी थबक, तुझ्या आत जे काही आहे त्याचा अख्खा फोटो काढून ठेव, आणि पुढे चालू लाग. चुकीच्या मागे धावायचं नाही, तिच्या वाटेवर आपण आधी जाऊन बसायचं. मला हे नीट समजलंय असं वाटलं, म्हणून पहिला सापळा मीच लिहिला. बॅगेच्या शेवटच्या गावाची जागा कुणीही बदलली की फोटो काढ. विमान कंपनीच्या लोकांची परवानगी घेतली, सापळा लावला आणि चहाचा कप तोंडाला लावायच्या आत तो भरून बंद पडला. साहजिकच होतं. ती जागा दिवसभर बदलतच असते. प्रवासी तिकीट बदलतात, विमानं उशिरा येतात, गावं बदलतात. मी शेकडो निरपराध बदल पकडले होते आणि त्या गडबडीत मशीन जरा मंदावलंही होतं. तिकडून लगेच फोन आला. मॅनेजर माझ्यावर ओरडले ते चाचांनाही ऐकू गेलं.

मी कानकोंडी होऊन बसले. म्हटलं, "मला वाटलं खेकड्याच्या पिंजऱ्यासारखं असेल. लावायचा आणि वाट बघायची."

चाचा हसले नाहीत. "पिंजऱ्यात येतो तो खेकडाच असतो. इथे येणारे सगळे भले लोक आहेत. त्यातला एकच चोर. सापळा पकडण्यासाठी नसतो, बेटा. बाकीच्यांना सोडण्यासाठी असतो. कुणाकुणाला सोडायचं ते आधी ठरव."

मग आमचं खरं काम सुरू झालं. ते डोळे मिटून बसायचे आणि मी एकेक अट सांगायची.

"ती जागा बदलली."

"आणि?"

"आणि जागा आधी रिकामी नव्हती."

"आणि?"

"आणि ज्या दोन प्रोग्रामना ती बदलायची मुभा आहे, त्यांनी ती बदललेली नाही."

"आणि?"

गोष्ट ऐकणारं लहान मूल जसं पुढचं पुढचं विचारतं तसा त्यांचा चेहरा व्हायचा. एखादी अट चुकीची असली तर डोळे उघडायचे. मग मी आपणहून ती मागे घ्यायची. असं करत करत आमचा सापळा इतका बारीक झाला की त्यातून सगळे भले बदल सुखरूप निघून जातील आणि फक्त चोरच अडकेल. तो लावला. मशीनला कळलंसुद्धा नाही.

आणि मग काहीच झालं नाही.

रोज मी बोटीतून जायचे, लॅपटॉप उघडायचे, सापळा रिकामा. बॅगाही हरवेनात. चाचा बूट घालून बसलेले, मी शेजारी. ते मला जुन्या मशीनच्या गोष्टी सांगतील असं मला वाटायचं, पण ते बोलायचेच कमी. "सबर," एवढंच म्हणायचे. चाची बिनदुधाचा काळा चहा आणून ठेवायच्या, आम्ही तो प्यायचो आणि समोरच्या माडांकडे बघत बसायचो.

एक दिवस मॅनेजरांचा फोन आला. "हे बघ, पर्सनली घेऊ नकोस. पण तुझ्या चेंजनंतर सगळं सुरू झालं, हे क्लायंटला दिसतंय. आता ते बंद पण झालंय. त्यांना क्लोजर पाहिजे. शुक्रवारच्या कॉलवर मला एक नाव द्यायला लागेल. मॅन्युअल एरर म्हणून टाकतो. तुला दुसऱ्या प्रोजेक्टवर घ्यायचा ट्राय करेन मी."

ट्राय म्हणजे काय ते मला माहीत होतं. आमच्या इथे असं नाव दिलेल्या मुलाला नंतर कुठलंच प्रोजेक्ट मिळालं नव्हतं. मी फोन ठेवला आणि चाचांसमोरच रडायला लागले. म्हटलं, "माझीच चूक असेल, चाचा. बहुतेक माझीच आहे."

त्यांनी टेबलावर चापट मारली नाही. बराच वेळ ते आपल्या बुटांकडे बघत होते. मग म्हणाले, "तुझी असेल तर तीही पकडू. आधी पकडू, मग नाव देऊ." आणि उठून परसात निघून गेले. बूट न काढता. आजवर मी त्यांना असं जाताना पाहिलं नव्हतं.

चाचींनी मला स्वयंपाकघरात नेलं. त्या तांदळाच्या भाकऱ्या थापत होत्या. माझ्यासमोर एक ठेवली आणि बोलायला लागल्या.

"तुला वाटत असेल हा माणूस जन्मापासून असा मुका. नाही गो. तिकडे आखातात हे बोलायला लागले की साहेब लोक चहा विसरायचे. मशीन बंद पडलं की यांना बोलवायचे, आणि हे उभे राहून कारण सांगायचे. असं सांगायचे की ऐकणाऱ्याला पटलंच पाहिजे. यांच्या हाताखाली एक पोरगा होता, सदानंद, गुहागरकडचा. आमच्याच बिल्डिंगमध्ये राहायचा. एकदा मोठा घोटाळा झाला. विमानात जागा नाही आणि माणसं चढलेली. साहेबांनी यांना विचारलं, कशामुळे झालं? यांनी उभ्या उभ्या सांगितलं. सदानंदने लिहिलेल्या प्रोग्रामात अशी अशी चूक असणार. छान सांगितलं. सगळ्यांना पटलं. आठवड्यात त्या पोराला घरी पाठवलं."

"आणि चूक त्याची नव्हती?"

"तो गेला आणि महिन्याभराने तोच घोटाळा परत झाला. मग कळलं, त्याची नव्हती. कुणाची होती ते यांना शेवटपर्यंत नाही सापडलं. ते मशीनच विकून टाकलं कंपनीने. त्या दिवसापासून यांचं बोलणं बंद. आणि हे कधी, कधी, कधी, सुरू झालं."

मी विचारलं, ते सदानंद आता कुठे असतात?

चाचींनी भाकरी उलटली. "गुहागरलाच. त्याची बायको मला ईदला फोन करते, मी तिला दिवाळीला करते. इतकी वर्षं झाली."

"चाचांना माहीत आहे?"

"त्यांनी कधी नाव काढलं नाही. मग मी कशाला काढू?"

शुक्रवारी दुपारी चाचा जुम्म्याच्या नमाजाला मशिदीत गेले होते. कॉल संध्याकाळी होता. मी ओसरीवर एकटी बसले होते, आशा सोडून. लॅपटॉपवर एक ओळ उमटली. सापळ्यात काहीतरी पडलं होतं.

मी चाचींना हाक मारली. त्या पिठाच्या हातांनी धावत आल्या आणि स्क्रीनकडे अशा बघायला लागल्या जणू तिथे खरंच काहीतरी फडफडतंय. "बोलावू त्यांना? शेजारच्या पोराला पाठवते मशिदीत." मी नको म्हटलं. चाचा आले ते नेहमीच्याच चालीने, टोपी खिशात घालत. मी म्हटलं, "आलंय." त्यांनी चपला काढल्या, आत जाऊन बूट घातले, नाड्या बांधल्या, पंखा बंद केला आणि खुर्ची माझ्या शेजारी नाही, माझ्या समोर ठेवली. त्यांना स्क्रीन दिसत नव्हता.

"मी बघणार नाही. तू वाच."

मी वाचलं. आकड्यांचं जंगल होतं ते. पण इतके दिवस त्यांनी मला वाटा दाखवल्या होत्या. त्या मशीनच्या हाताशी सोळा रजिस्टर असतात, म्हणजे सोळा खिसे समजा. एक प्रोग्राम दुसऱ्याला बोलावतो तेव्हा आलेल्या पाहुण्याने खिसे वापरावेत, पण जाताना ज्यात जे होतं ते परत ठेवून जावं, अशी रीत आहे. रद्द झालेल्या विमानांचं काम बघणारा एक फार जुना प्रोग्राम होता. तो सगळ्या वाटांनी ही रीत पाळायचा. एकाच वाटेने तो सातवा खिसा तसाच विस्कटून निघून जायचा. बॅग तीन विमानं बदलणार असेल आणि त्यातलं तिसरंच विमान रद्द झालं, तरच. मग त्याच्या मागून येणारा बिचारा प्रोग्राम सातव्या खिशात हात घालायचा आणि दुसऱ्याच कुणाच्या तरी बॅगेवर भलतं गाव लिहून टाकायचा.

पूर्वी तीन विमानांच्या बॅगा तिथवर पोचतच नव्हत्या. माझ्या बदलाने त्यांना वाट करून दिली होती. बदल मला सांगितला होता तसाच, बरोबर केलेला होता. पण खड्ड्याकडे जाणारं दार मी उघडलं होतं.

मी हे सगळं सांगितलं. एकदाही 'बहुतेक' आला नाही. चाचांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "हां. हे पकडणं."

संध्याकाळच्या कॉलवर मॅनेजर होते, विमान कंपनीचे तीन-चार लोक होते आणि त्यांच्या मधोमध एक अधिकारी बाई. चाचांनी इंग्रजीत, तीन वाक्यांत, कधी काय होतं ते सांगितलं आणि थांबले. बाईंनी विचारलं, "म्हणजे शेवटी चूक कुणाची? जुन्या प्रोग्रामची की या मुलीच्या बदलाची?"

मॅनेजर घसा खाकरून काहीतरी बोलणार होते. चाचा त्यांच्या आधी बोलले. "मॅडम, तो प्रश्न आम्ही सापळ्यात घातला नव्हता."

मग त्या बाई मोकळेपणाने हसल्या. म्हणाल्या, "ठीक आहे. मग दुरुस्त कधी होईल ते सांगा." चाचांनी माझ्याकडे बोट केलं. मी म्हटलं, सोमवारी. सोमवारी ते झालंही, आणि नाव द्यायचा विषय पुन्हा कुणी काढला नाही.

पण त्या संध्याकाळी कॉल संपल्यावर मी लॅपटॉप मिटत होते तेव्हा चाची आल्या. दारावर टकटक न करता. त्यांच्या हातात त्यांचा मोबाइल होता, स्पीकर चालू, पलीकडे घंटी वाजत होती. त्यांनी तो चाचांच्या समोर टेबलावर ठेवला.

"सदानंद आहे. बोला."

चाचांनी त्यांच्याकडे असं बघितलं की मला तिथून उठून जावंसं वाटलं. पण पलीकडून आवाज आलाच. "वहिनी? अहो वहिनी, दिवाळीला अजून अवकाश आहे!"

चाचा उभे राहिले. "सदा. मी आहे."

पलीकडे कुठेतरी गाय हंबरली. मग जपून, "भाई?"

"हां. ऐक. त्या दिवशी साहेबांसमोर मी तुझं नाव घेतलं. ते चुकीचं होतं. तू गेल्यावर पण तसंच झालं. तुझ्या प्रोग्रामात काही नव्हतं. मला माहीत नव्हतं आणि मी माहीत असल्यासारखं बोललो." त्यांचा आवाज शेवटाला चिरकला. "एवढंच सांगायचं होतं."

चाची पदराशी चाळा करत उभ्या होत्या.

"भाई," सदानंद म्हणाले, "मला ठाऊक होतं."

"काय?"

"माझी चूक नव्हती ते. खरी चूक कुठे होती ते पण. मला आधीच सापडली होती."

"मग तू बोलायचं नाहीस?"

"मला घरी यायचं होतं, भाई. बाबा अंथरुणाला खिळले होते. मी रजा मागत होतो, देत नव्हते. पासपोर्ट त्यांच्याकडे. आणि तेवढ्यात तुम्ही माझं नाव घेतलंत. त्यांनी स्वतः तिकीट काढून विमानात बसवलं मला. मी गप्प राहिलो. बाबा त्यानंतर दोन महिने होते. मी उशाशी होतो. तुम्हाला कळवायला हवं होतं, पण लाज वाटायची. तुम्हाला तोंडघशी पाडून आलो असं वाटायचं."

चाचा हळूच खुर्चीत बसले. मला वाटलं, आता त्यांना रडू येईल. चाचींनाही तसंच वाटलं असणार, कारण त्या पाण्याचा पेला घेऊन पुढे झाल्या. पण चाचांचा चेहरा लालबुंद होत होता.

"कुठे होती?" ते ओरडले.

"काय, भाई?"

"चूक! कुठे होती ती? इतकी वर्षं मी आंघोळ करताना, जेवताना, नमाजाला उभा राहिलो तरी तीच शोधतोय, आणि तुला माहीत आहे, नालायका! कुठे होती?"

आणि पलीकडून सदानंद हसायला लागले. "अहो सांगतो, सांगतो! तो रात्री चालणारा प्रोग्राम आठवतो? उतारूंची यादी पुसणारा? त्यात सुट्टीच्या दिवसासाठी एक वेगळी शाखा होती बघा..."

शेवटची बोट चुकेल म्हणून मी निघाले. चाची फाटकापर्यंत सोडायला आल्या. डोळे पुसत होत्या आणि चिडल्याही होत्या. "बघ. माझ्याशी चाळीस वर्षांत इतकं भांडला नाही हा माणूस."

मी स्कूटर सुरू केली. ओसरीवरून चाचांचा आवाज ऐकू येत होता, मोठा, तरुण माणसाचा वाटावा असा:

"हळू सांग रे! मी लिहून घेतोय!"